सातव्या प्रश्नाचं उत्तर आणि एक 'द'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शिकवणारं जे सदर येतं, ते आमच्या घरी कापून ठेवलं जातं. कापणारी मी, सोडवणारी माझी नववीतली नात. गेल्या रविवारी एका वाचकानं विचारलं होतं, की इंग्रजीत नेदरलँड्सच्या आधी 'द' लावतात, मग हॉलंडच्या आधी का नाही? प्रश्न फक्कड होता. उत्तर मात्र दोन ओळींत उरकलेलं : ठिकाणांच्या नावांना उपपद लागत नाही, थोडे अपवाद आहेत, ते पाठ करावेत. खाली सरावासाठी दहा गाळलेल्या जागा. त्यातली सातवी गाम्बिया या देशाच्या नावाआधीची. नातीनं तिथं पेन्सिलीनं 'द' लिहिला, मग पान उलटं धरून खालची उत्तरं पाहिली. सातव्याचं उत्तर होतं : काही नाही. तिनं तो 'द' खोडरबरानं खोडला, आणि इतक्या जोरात, की तिथला कागद विरून पलीकडची जाहिरात दिसायला लागली. "आजी, तूच सांगितलं होतंस ना?" असं म्हणाली आणि उठून गेली.

मीच सांगितलं होतं. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे आणि आपण त्यावर कात्री चालवणार हेही मला ठाऊक आहे. फक्त गाम्बिया कापू नका.

मी तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यातली बरीचशी कार्डांच्या कपाटापुढे उभं राहून गेली. लहान लहान लाकडी खण, तळातून आरपार गेलेली पितळी सळई, तीन बाय पाच इंचांची कार्डं, प्रत्येकाला खालच्या बाजूला एक भोक. नव्या माणसाला आम्ही पहिला धडा हाच द्यायचो, की इंग्रजी पुस्तकाचं नाव 'द' किंवा 'अ'नं सुरू होत असेल तर तिकडे डोळेझाक करायची आणि पुढच्या शब्दावर कार्ड लावायचं. नाहीतर 'टी'चा खण फुगून उघडेनासा होईल. ठिकाणांच्या नावांनाही मी हाच न्याय लावत असे.

एकदा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा आंतरराष्ट्रीय न्यायालयाविषयी काही शोधत होता. ते न्यायालय हेगला आहे. त्या शहराचं इंग्रजी नाव 'द हेग', आणि हा 'द' वाक्याच्या मधोमध आला तरी कॅपिटल 'टी'नंच लिहायचा. पोरगा शहाणा, सरळ 'टी'च्या खणाकडे गेला. तिथं काही नव्हतं. मी त्याला 'एच'मधलं कार्ड काढून दाखवलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मग लॉस एंजेलिस 'ए'मध्ये असेल."

नव्हतं. ते 'एल'मध्ये होतं. 'लॉस' म्हणजे स्पॅनिशमधला 'द'च, तोही अनेकवचनी. पुढचा शब्द म्हणजे देवदूत. एल साल्वाडोर 'ई'मध्ये होता, तिथं 'एल' म्हणजे पुन्हा 'द', आणि साल्वाडोर म्हणजे तारणहार. थोडक्यात, इंग्रजीचा 'द' मी उंबऱ्याबाहेर उभा करत होते आणि स्पॅनिशच्या 'द'ला पाट-रांगोळी. (मी एकटीच नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांची इंग्रजी यादी काढा : एल साल्वाडोर 'ई'त, इजिप्तच्या पाठोपाठ, आणि गाम्बिया 'जी'त, गॅबन आणि जॉर्जियाच्या मध्ये.) त्या मुलाला मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. नियम आहे असंच काहीतरी म्हणाले असणार. म्हणजे आपल्या सदरात जे छापून आलं, तेच. तेव्हा दोष देताना माझा हात जरा आखडतोच. पण मी तिथं थांबले नाही, एवढं मात्र खरं. त्यानंतर अ‍ॅटलासची सूची, गॅझेटियर, विश्वकोश, जे हाती येईल त्यात मी या 'द'चा माग काढत राहिले.

आता त्या वाचकाचा प्रश्न. नेदरलँड्स म्हणजे सखल जमिनी. शेवटचा 'स' अनेकवचनाचा आहे. त्या देशाचे लोक स्वतः आपल्या भाषेत 'नेदरलंड' म्हणतात, एकवचनी आणि बिनउपपदाचं. अनेकवचन इंग्रजीनं धरून ठेवलं. हॉलंड हा त्या देशाचा एक भाग. आजच्या बारा प्रांतांपैकी उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे दोन. ते एकवचनी विशेषनाम, इंग्लंड-पोलंडसारखं, म्हणून त्याला 'द' नाही. झालं उत्तर. यात पाठ करण्यासारखं काय आहे?

इंग्रजीत ठिकाणाचं नाव अनेकवचनी दिसलं की 'द' बहुधा असतोच : फिलिपीन्स, बहामा, मालदीव, आल्प्स. कारण त्या नावाच्या पोटात 'बेटं' किंवा 'पर्वत' असा एखादा साधा शब्द असतो. फिलिपीन्स म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाची बेटं. बोलता बोलता 'बेटं' गळून पडली, 'द' राहिला. नद्यांचंही तेच. 'द रिव्हर थेम्स'मधली 'रिव्हर' वगळून 'द थेम्स' म्हणतात. पाल निसटते आणि शेपूट मागे वळवळत राहतं, तसा हा 'द' आहे. सामान्यनाम पळालं, हे मागे उरलं.

ही पाल पळताना पाहायची असेल तर कॅलिफोर्नियातल्या हमरस्त्यांकडे पाहावं. राज्याच्या दक्षिणेत, लॉस एंजेलिसच्या बाजूला, लोक रस्त्याच्या नुसत्या आकड्याआधी 'द' लावतात : 'द ४०५', 'द १०१'. उत्तरेत सॅन फ्रान्सिस्कोकडे त्याच १०१ ला नुसतं १०१ म्हणतात, आणि 'द' ऐकला की हा दक्षिणेचा पाहुणा हे ओळखतात. याचं कारण असं सांगतात, की दक्षिणेत या रस्त्यांना आकड्यांच्या आधीपासून नावं होती : द हॉलिवूड फ्रीवे, द सान्ता मोनिका फ्रीवे. पुढे नाव जाऊन आकडा आला. 'फ्रीवे' हा शब्दही तोंडातून गेला. 'द' कुणी काढलाच नाही.

न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स हेही तसंच. शहराचे पाच भाग : मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, स्टेटन आयलंड आणि 'द ब्राँक्स'. चौघांना काही नाही, याला एकट्याला 'द', कारण ते नाव तिथल्या नदीवरून पडलं. आणि नदीला नाव मिळालं ते १६३९ मध्ये तिथं वस्ती करणाऱ्या योनास ब्राँक या माणसाच्या आडनावावरून. मात्र टपालाच्या पत्त्यात हा 'द' लिहीत नाहीत. नकाशावरही नाही. उपपद हे वाक्यात शिरल्यावरच अंगात घालायचं वस्त्र आहे, असं मी नातीला सांगते. पाटीवर आणि यादीत ते उतरवून ठेवतात. हेग, गाम्बिया आणि बहामा यांच्या अंगाला ते शिवलेलं आहे, इतकाच फरक.

आता हे सगळं सुतासारखं सरळ आहे असं म्हटलं तर खोटं होईल. नदीला 'द', पण तळ्याला नाही : 'लेक व्हिक्टोरिया'. एव्हरेस्टला नाही, आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराला आहे. होंडुरास हा मूळचा स्पॅनिश अनेकवचनी शब्द, तरी इंग्रजीत त्याला 'द' नाही. वेल्स हे नाव जुन्या इंग्रजीतल्या 'परके लोक' अशा अर्थाच्या अनेकवचनातून आलं, त्यालाही नाही. (आपल्याच भूमीत परके ठरवले गेले, वर उपपदही नाही!) लंडनला 'द' लागत नाही, पण '१९४० चं लंडन' म्हणायचं झालं तर लागतो, कारण तिथं अनेक लंडनांपैकी एक निवडून दाखवायचं असतं. ही शेवटची गोष्ट तरी सदरात यायला हवी होती. मुलं निबंधात नेमकी तिथं अडतात.

आणि कधी कधी शेपटावर शेपूट चढतं. लॉस एंजेलिसमध्ये डांबराचे नैसर्गिक खड्डे आहेत, त्यात हिमयुगातल्या प्राण्यांची हाडं सापडतात. इंग्रजीत त्यांना 'द ला ब्रिया टार पिट्स' म्हणतात. 'ला' म्हणजे द, 'ब्रिया' म्हणजे डांबर, 'टार' म्हणजेही डांबर. म्हणजे 'ते ते डांबर डांबराचे खड्डे'. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या 'द अल्हाम्ब्रा' या राजवाड्याच्या नावातही अरबी 'अल' आहे, त्यावर पुन्हा 'द'. अरबीचा हा 'अल' तर कुठे कुठे लपून बसलाय. अल्जीरियाच्या नावात तो आहे (मूळ अर्थ 'ती बेटं'). इराक, येमेन, कुवेत, सुदान या सगळ्यांच्या अरबी नावांत तो आहे. इंग्रजीनं इराक-कुवेतचा काढून टाकला आणि सुदानचा मात्र बराच काळ भाषांतर करून ठेवला : 'द सुदान'. २०११ च्या जुलैत दक्षिण सुदान वेगळा देश झाला, तो मात्र जन्मापासूनच बिनउपपदाचा.

इथवर व्याकरण झालं. सदरात ज्याला अपवाद म्हणून बाजूला सारलं, ती खरी गोष्ट पुढे आहे.

'द' लावलेलं नाव कानाला वर्णनासारखं लागतं. पंजाबला जुने इंग्रज 'द पंजाब' म्हणत, म्हणजे 'तो पाच नद्यांचा टापू'. 'द डेक्कन', म्हणजे 'तो दक्षिणेकडचा मुलूख'. टापू, मुलूख, पट्टा असं काहीतरी. देश नव्हे. म्हणून युक्रेनचा 'द' दुखरा झाला. त्या नावाचा अर्थ बरेच अभ्यासक 'सीमेवरचा प्रदेश' असा लावतात, तर दुसरे काही जण 'आपला मुलूख, देश' असा. इंग्रजीत शतकभर 'द युक्रेन' चाललं, कुणाच्या मनात काही वाकडं होतंच असं नाही. पण २४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेननं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्या 'द'मधून 'सोव्हिएत संघाचा तो कडेचा भाग' असं ऐकू यायला लागलं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून इंग्रजी वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रं तो गाळत गेली. आज 'द युक्रेन' लिहिणारा माणूस एकतर वयानं मोठा असतो किंवा मुद्दाम डिवचणारा.

गंमत म्हणजे युक्रेनियन आणि रशियन या दोन्ही भाषांत उपपदच नाही, मराठीसारखंच. मग त्यांच्यात भांडण नाही का? आहे, फक्त दुसऱ्या शब्दावरून. रशियनमध्ये देशांना 'व' म्हणजे 'मध्ये' लावतात, आणि बेटांना, काही टापूंना 'ना' म्हणजे 'वर'. युक्रेनला परंपरेनं 'ना' लागायचं. १९९३ मध्ये युक्रेनच्या सरकारनं रशियाला सांगितलं, की आता आम्हाला 'व' लावा. हे वाचलं तेव्हा मला आपलं 'देशावर' आणि 'कोकणात' आठवलं. आपण घाटावर जातो आणि कोकणात उतरतो. उद्या कुणी 'आम्हाला वर का, आत का नाही' असं विचारलं तर आपण हसू. पण आपण हसू, कारण आपल्या मानगुटीवर कुणी बसलेलं नाही. आणि 'वर' म्हणण्यात मुळात अपमान असतोच असंही नाही. पोलिश भाषा हंगेरी आणि लिथुआनियालाही 'वर'च म्हणत आली आहे, आणि ते देश काही पोलंडचे परगणे नाहीत. पोलिश लोकांनीसुद्धा २०२२ च्या युद्धानंतर युक्रेनपुरतं 'मध्ये' म्हणायला सुरुवात केली.

फ्रेंचांकडे पाहिलं तर आणखीच वेगळं. त्यांच्याकडे जवळपास प्रत्येक देशाला उपपद असतं : फ्रान्सला, जपानला, भारतालाही. क्यूबा, इस्रायल असे थोडे बिनउपपदाचे. म्हणजे तिथं उपपद ही देशाची रीत आणि ते नसणं हा अपवाद. म्हणून फ्रेंचमध्ये युक्रेनच्या उपपदाबद्दल कुणी तक्रार करत नाही. जर्मनमध्ये युक्रेन आणि स्वित्झर्लंड दोघांनाही स्त्रीलिंगी उपपद लागतं, आणि स्वित्झर्लंडला कुणी कमी लेखतं असं ऐकिवात नाही. दोष 'द'मध्ये नाही. इंग्रजीत तो कुणाकुणाच्या पंगतीत बसतो, त्यात आहे.

आणि आता गाम्बिया, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. पश्चिम आफ्रिकेतला हा देश म्हणजे गाम्बिया नदीच्या दोन्ही काठांची एक चिंचोळी पट्टी, रुंद जागीसुद्धा पन्नासेक किलोमीटर, समुद्राची बाजू सोडली तर तिन्हीकडून सेनेगल. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात लहान देश. नाव नदीचं, म्हणून नदीचा 'द' त्याला आपसूक आला. स्वातंत्र्य मिळालं १८ फेब्रुवारी १९६५ ला. आता युक्रेनच्या हिशेबानं त्यांनीही हे शेपूट तोडायला हवं होतं. त्यांनी उलट केलं. १९६४ मध्येच पंतप्रधान दाउदा जवारा यांच्या कार्यालयानं ब्रिटनच्या भौगोलिक नावांच्या कायम समितीला कळवलं, की आमच्या नावातला 'द' राहू द्या. एक कारण असं दिलं, की आफ्रिकेत झाम्बिया नावाचा नवा देश होतो आहे आणि दोन्ही नावांत गल्लत होईल. झाम्बिया खरोखरच त्या ऑक्टोबरात स्वतंत्र झाला. गाम्बियाचं अधिकृत इंग्रजी नाव आजही 'रिपब्लिक ऑफ द गाम्बिया' आहे, कॅपिटल 'टी'सकट. अमेरिकी सरकारच्या देशांच्या याद्यांत असा मानाचा 'द' दोनच देशांना आहे, बहामा आणि गाम्बिया.

गल्लतीची भीती खोटी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती गल्लत मी केली आहे. टाइपरायटरवर कार्ड ठोकताना गाम्बियाच्या भुईमुगाच्या व्यापारावरच्या एका पुस्तकाला मी झाम्बिया हे विषयशीर्षक दिलं. ते कार्ड बरीच वर्षं 'झेड'च्या खणात झाम्बियाच्या तांब्याच्या खाणींना खेटून बसलं होतं. एका प्राध्यापकांनी ते शोधून काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवून, एक अक्षर न बोलता, गेले. त्या कार्डावर मी 'द' टाइप केला असता तर जीभ अडखळली असती. 'द झाम्बिया' असं कुणी म्हणत नाही.

कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन आहे, तेही नदीवरून नाव पडलेलं. २००३ मध्ये अमलात आलेल्या कायद्यानं 'युकॉन टेरिटरी'मधली 'टेरिटरी' गेली आणि सरकारी लिखाणात 'द'ही टाकला गेला. नुसतं 'युकॉन'. तिथल्या लोकांना ते बोडकं वाटायचं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं 'द' परत आणला. म्हणजे ज्या तीन इंग्रजी अक्षरांनी युक्रेनला कमीपणा वाटला, त्याच अक्षरांवाचून युकॉनला चुकल्यासारखं झालं. मला विचाराल तर दोघंही बरोबर. माणसाला आपण काय म्हणून हाक मारायची हे आपण त्यालाच विचारतो. 'बाळू' म्हणायचं की 'बाळासाहेब', हे व्याकरणाच्या पुस्तकात बघत नाही.

अर्थात हाक मारून घेणाऱ्यांचंच एकमत नसेल तर पंचाईत. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोर विरल नावाचं द्वीपकल्प आहे. तिथल्या प्रशासकीय विभागाचं नाव नुसतं 'विरल', पण बोलताना असंख्य लोक 'द विरल' म्हणतात आणि त्यावरून हिरिरीनं वाद घालतात. ऑक्सफर्डमध्ये 'हाय स्ट्रीट'ला 'द हाय' म्हणतात, 'ब्रॉड स्ट्रीट'ला 'द ब्रॉड'. पाल पळाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. लंडनमध्ये 'द स्ट्रँड' आहे आणि तिथून पुढे चालत गेलं की 'फ्लीट स्ट्रीट', बिनउपपदाचा. अशा ठिकाणी बाहेरच्यानं गुपचूप तिथल्यांचं ऐकावं.

राहता राहिली मराठी. आपल्या बातम्यांत कधी 'हेग' तर कधी 'द हेग' दिसतं, एकदा तर एकाच बातमीत दोन्ही होती. माझं स्पष्ट मत आहे, की मराठीत 'द' लिहू नये. आपल्याला उपपद नाही, त्याची उणीवही नाही. 'हेगच्या न्यायालयात' हे मराठी आहे. 'द हेगमधील न्यायालयात' हे अर्धं इंग्रजी. गाम्बियालाही मराठीत 'द' नको. त्यांनी मागितला तो इंग्रजीपुरता. मग 'एल' साल्वाडोरचा आणि 'लॉस' एंजेलिसचा का ठेवायचा, हा त्या मुलाचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. त्याला माझं उत्तर असं, की ती उपपदं आपल्यापर्यंत येईतो नावाला इतकी चिकटली होती, की नुसतं 'साल्वाडोर' म्हटलं तर माणसाचं नाव वाटेल आणि 'एंजेलिसला गेले' म्हटलं तर कुणाच्याच लक्षात येणार नाही. हे उत्तर तर्काला पुरत नाही, मान्य आहे. व्यवहाराला पुरतं. चाळीस वर्षांनी का होईना, दिलं.

पण आपलं सदर मराठीचं नाही, इंग्रजीचं आहे. तिथं गाम्बियाच्या आधी काही नाही, हे उत्तर चूक आहे. शंका असेल तर त्या देशाच्या सरकारचा कुठलाही इंग्रजी कागद पाहावा. तेव्हा विनंती एवढीच, की येत्या रविवारी सातव्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करून छापावं. लहान अक्षरांत, कोपऱ्यात छापलं तरी चालेल. नात कापून आणेल. जुन्या कात्रणावर त्या जागी आता लिहिता येत नाही. मी मागच्या बाजूनं पातळ कागदाचा तुकडा चिकटवून ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल